जुनी जीप घेतांना : पोटाखालचा गंज कसा ओळखावा व कसा थोपवावा

भोर व वेल्हे या दोन तालुक्यांत ज्याची जमीन डोंगराच्या उतारावर आहे, त्यास गाडी ही चैन नव्हे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. (वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्याचें शासनानें २०२४ सालीं ठरविलें, परंतु बोलण्यांत जुनेंच नांव रुळलें असल्यानें आम्हीही येथें तेंच योजिलें आहे.) भाताचीं पोतीं बाजारास न्यावयाचीं, खताच्या गोण्या वर चढवावयाच्या, दूध वेळेवर पोंचवावयाचें आणि रात्रीं-अपरात्रीं एखादें आजारी माणूस नसरापुरास किंवा पुण्यास हलवावयाचें, हीं सर्व कामें उंच बांध्याच्या, दणकट गाडीनेंच होतात. नवी गाडी घेणें बहुतेकांच्या आवांक्याबाहेरचें. म्हणून जुनी जीप, जिप्सी, बोलेरो किंवा थार शोधण्याकडे आपला कल असतो, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं.

मुंबईस माझगांव येथें १९४९ सालीं जीपची जुळणी सुरू झाली. पुढें १९८५ सालीं जिप्सी, २००० सालीं बोलेरो व २०१० सालीं थार आली. या सर्व गाड्यांची घडण एका बाबतींत सारखी आहे. खालीं पोलादी दांड्यांचा सांगाडा, म्हणजे चेसी. आणि तीवर बसविलेली बॉडी. इंजिन दुरुस्त होतें, टायर बदलतां येतात, पत्राही नवा घालतां येतो; परंतु चेसी हा गाडीचा कणा आहे. तो कुजला तर वरच्या सर्व खर्चावर पाणी पडतें.

बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर उचलून पाहतों, त्यास चालवून पाहतों. नुसत्या रंगावर व शिंगांवर भुलून कोणी जाणता शेतकरी बैल घेत नाहीं. मात्र बैलाच्या कितीतरी पट किंमतीची गाडी घेतांना तोच शेतकरी इंजिनाचा आवाज ऐकतो, रंगावरून हात फिरवितो आणि विसार देऊन मोकळा होतो. खालीं वाकून पाहण्याचें त्याच्या मनांत येत नाहीं. आम्हीही एकदां असेंच केलें, आणि त्याची हकीकत सांगितल्यावांचून या लेखास आरंभ करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आमची फसगत

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एका व्यापाऱ्याकडून एक जुनी जीप घेतली. गाडी कोंकणपट्टींतून आलेली होती. खालून पाहिलें तों सगळीकडे काळाभोर डांबरी लेप चकचकत होता. व्यापारी म्हणाला, "दादा, खालचें सगळें लेपून दिलें आहे, आतां दहा वर्षें बघावयास नको." आम्हांस तो लेप म्हणजे गाडीचा गुण वाटला, वास्तविक दोषावर ओढलेला तो पडदा होता.

दोन पावसाळे सुखरूप गेले. तिसऱ्या वर्षीं मार्गशीर्षांत महाडचें एक लग्न आटोपून आम्ही वरंध घाटानें परत येत होतों. गाडींत घरचीं सात माणसें, त्यांत दोन लहान मुलें. घाटमाथा ओलांडून हिर्डोशीकडे उतरतांना एका साध्या खड्ड्यांत मागचें डावें चाक आदळलें, मोठा आवाज झाला आणि गाडी एका अंगावर कलली. मागच्या कमानपाट्याचा हँगर चेसीपासून मुळासकट उपटून निघाला होता. वेग थोडा होता आणि त्या बाजूस डोंगर होता, म्हणून हा लेख लिहावयास आम्ही उरलों. तीच बाजू दरीची असती तर काय झालें असतें, हा विचार त्यानंतर पुष्कळ रात्रीं आमच्या मनांत येई.

दुसऱ्या दिवशीं गॅरेजांत मिस्त्रीनें त्या जागेच्या पुढें हातभर अंतरावर पेचकस टेकविला, तों तो दांड्यांत सरळ आंत गेला. लेपाखालीं लोखंड नव्हतें, तांबडे पापुद्रे होते. मिस्त्री इतकेंच म्हणाला, "मालक, तुम्हीं लेप विकत घेतलात, गाडी नाहीं." त्या एका वाक्यानें जें शिकविलें तेंच पुढें विस्तारानें देत आहों.

गंज कोठून येतो

लोखंड, हवेंतील प्राणवायु व पाणी हीं तिन्ही एकत्र आलीं कीं गंज होतो. तिघांपैकीं एकास दूर ठेविलें तर तो होत नाहीं. सर्व उपायांचें मूळ एवढ्यांतच आहे. गंजाचा एक वाईट धर्म असा कीं, तो ज्या लोखंडापासून होतो त्याच्याहून पुष्कळ अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो फुगतो, वरचा रंग उचलतो, दोन पत्र्यांच्या सांध्यांत शिरून त्यांस एकमेकांपासून फाडतो, आणि पापुद्रा गळून पडला कीं खालचें कोरें लोखंड पुन्हां उघडें पडतें. जस्तावर येणारी पुटी खालच्या जस्तास कांहीं अंशीं राखते; गंज लोखंडास राखीत नाहीं. तो स्पंजासारखा सच्छिद्र असल्यानें उलट ओल धरून ठेवतो.

या कामांत मीठ मोठी मदत करतें. मिठांतील क्लोराइड पाण्याबरोबर लोखंडाच्या पृष्ठभागास चिकटून राहिलें म्हणजे गंज कितीतरी वेगानें चालतो. म्हणूनच समुद्रकांठीं राहिलेली गाडी घांटावरच्या गाडीपेक्षां लवकर कुजते. अमेरिकेंत हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. तेथें टोयोटा कंपनीच्या कांहीं मालवाहू गाड्यांच्या चेसी गंजल्याचा दावा लागला आणि २०१६ सालीं कंपनीनें सुमारे पंधरा लक्ष गाड्यांपुरती तडजोड मान्य केली. एवढ्या नामांकित कारखान्याच्या पोलादाची ही गत, तर आपल्या पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या गाडीचें काय?

आपल्याकडे समुद्र नाहीं, म्हणून आपण निर्धास्त, असें मात्र कोणीं समजूं नये. भोर-वेल्ह्यास गंजाचीं कारणें निराळीं आहेत. पहिलें, चिखल. मृगापासून आश्विनापर्यंत खाचरांतला व वाटेवरचा चिखल चेसीच्या कोपऱ्यांत भरतो. वरून तो वाळलेला दिसला तरी आंत आठवडेच्या आठवडे ओला असतो. ओल्या पोटिसाखालीं कातडी जशी पांढरी पडून सुटते, तसें त्या चिखलाखालीं लोखंड सुटतें. दुसरें, खत. पोटॅश म्हणून आपण जें खत वापरतों, तें बहुतेक पोटॅशियम क्लोराइड असतें. म्हणजे गंजाच्या दृष्टीनें तें समुद्राच्या मिठाचें भावंडच. युरिया हवेंतील ओल ओढून घेतो. फाटक्या गोणींतून सांडलेली मूठभर खतें फरशीच्या सांध्यांत जाऊन बसतात आणि तेथें वर्षभर काम करीत राहतात. तिसरें, गोठा. शेणाची व मुताची ओल जेथें सदा आहे, त्या भिंतीशीं गाडी उभी करणें म्हणजे तिला रोज थोडें थोडें विष देणें होय.

घेतेवेळीं पाहणी

गाडी पाहावयास भर दुपारीं जावें, संध्याकाळीं नव्हे. नुकतीच धुतलेली किंवा नुकतीच खालून काळी केलेली गाडी असल्यास अधिक सावध व्हावें. बरोबर चांगली बॅटरी, लहान हातोडी, जुना पेचकस, तारेचा ब्रश आणि फडक्यांत गुंडाळलेला लोहचुंबक घ्यावा. शक्य असल्यास गाडी गॅरेजांतील खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही, क्षणभरसुद्धां, जाऊं नये. मजबूत घोडे लावून व चाकांस उटी देऊन मगच खालीं शिरावें. विकणारा खालीं पाहूं देत नसेल, तर पाहणी तेथेंच संपली असें समजून घरीं यावें.

पुढील जागा या क्रमानें पाहाव्या :

(१) चेसीचे दोन लांब दांडे. मागच्या आंसावर जेथें दांडा वांकतो, तेथें चिखल सर्वांत अधिक सांचतो. दर वीतभर अंतरावर हातोडीनें हलकेंच ठोकावें. धड पोलाद खणखणतें, कुजलेलें भद्द वाजतें. फुटक्या मडक्याचा आवाज ज्या कानास ओळखतां येतो, त्या कानास हाही ओळखतां येईल. कांहीं गाड्यांचे दांडे उघड्या पन्हळीसारखे, तर कांहींचे बंद पेटीसारखे असतात. पेटीचा दांडा आंतून बाहेर कुजतो; म्हणून त्याचीं पाणी निघावयाचीं भोकें बुजलेलीं आहेत काय, तें पाहावें व तार घालून आंतून काय निघतें तें पाहावें. पापुद्रे निघाल्यास शंका धरावी.

(२) कमानपाट्यांचे हँगर व शॅकल. गाडीचा सारा भार येथून चाकांवर उतरतो. या जागेची आम्हांस काय किंमत पडली तें वर सांगितलेंच आहे.

(३) बॉडी चेसीवर जेथें बसते त्या रबरी बुशांच्या जागा. रबराखालीं ओल राहते आणि वरून कांहींच दिसत नाहीं.

(४) ब्रेकच्या लोखंडी नळ्या. दांड्याला धरून जाणाऱ्या या बारीक नळ्या चिमट्याखालीं गंजतात. घाटांत जोरानें पाय दाबतांच अशी नळी फुटते, म्हणजे नेमकी गरजेच्या क्षणीं. फोड आलेली नळी दिसल्यास घासून रंगवूं नये, बदलावीच.

(५) इंधनाच्या टाकीचे पट्टे व टाकीची वरची बाजू.

(६) फरशी. रबरी चटई उचलूनच पाहावी. चालकाच्या पायांखालचा पत्रा, बैठकीचे बोल्ट आणि सीटबेल्ट जेथें अडकविला असतो ती जागा हातानें हलवून पाहावी. सीटबेल्ट कितीही मजबूत असला, तरी कुजक्या पत्र्यांत रोवलेला बोल्ट माणसास धरून ठेवूं शकत नाहीं.

(७) दारांखालचा पेटीसारखा भाग व चाकांवरच्या कमानी. येथें लोहचुंबक फिरवावा. जेथें तो चिकटत नाहीं, तेथें पत्रा नसून लांबी भरलेली आहे असें समजावें.

(८) चेसीवर कोरलेला नंबर. तो कागदपत्रांशीं अक्षरशः जुळला पाहिजे व बोटास लागला पाहिजे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असून पुढें ती दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, आणि त्या वेळीं गाडी तपासणीस न्यावी लागते. नंबर गंजानें खाल्लेला असेल, तर तेथें हेलपाटे ठरलेले.

तीन पायऱ्या आणि त्यांवरून निर्णय

गंज दिसला म्हणजे गाडी टाकावी असें नव्हे. जुन्या गाडीस गंज असावयाचाच. प्रश्न त्याच्या पायरीचा आहे.

पहिल्या पायरीस तांबूस भुकटी येते. ब्रशनें घासल्यावर खालीं सपाट, धड लोखंड लागतें. ही गाडी निःशंक घ्यावी. दुसऱ्या पायरीस पापुद्रे सुटतात. ते काढल्यावर खळगे दिसतात, परंतु पेचकस आंत जात नाहीं. असा गंज फरशीस किंवा मडगार्डास असेल तर किंमत कमी करून घ्यावी. चेसीस असेल तर स्वतःच्या विश्वासाच्या मिस्त्रीस दाखवूनच बोलणें पुढें न्यावें. तिसऱ्या पायरीस भोक पडतें, किंवा पेचकस दाबतांच पडतें. तें फरशींत असल्यास पत्रा कापून नवा जोडतां येतो. चेसीच्या दांड्यांत, हँगरपाशीं किंवा वांकाच्या जागीं असल्यास इंजिन कितीही गोड चालत असो, ती गाडी सोडावी. कुजक्या दांड्यावर पत्र्याचें ठिगळ जोडून दिलेलें असतें, त्यावर तर मुळींच विसंबूं नये. वेल्डिंग धरण्यास खालीं धड लोखंड लागतें, आणि तेंच तेथें उरलेलें नसतें.

मावळ तालुक्यांत कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजीं माणसांच्या गर्दीखालीं कोसळला व चार जीव गेले. तो पूल धोक्याचा आहे हें आधींच ठाऊक होतें. लोखंड न सांगतां सहसा दगा देत नाहीं. त्याची सूचना वाचण्याचा कंटाळा मात्र आपणांस असतो.

उपाय

हें काम पावसाळ्यांत करूं नये. दिवाळीनंतर, भाताची झोडणी उरकल्यावर, कोरडी हवा सुटते. त्या दिवसांपासून शिमग्यापर्यंतचा काळ उत्तम.

प्रथम गाडीचें पोट साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें धुवावें. कोपऱ्यांतला चिखल बोटानें व लांकडी काडीनें काढावा. मग गाडी दोन-तीन दिवस उन्हांत पूर्ण वाळूं द्यावी. नंतर सुटे पापुद्रे खरवडून, तारेच्या ब्रशनें घासून धड लोखंड लागेपर्यंत जावें. डोळ्यांवर चष्मा व नाकातोंडावर फडकें असावें. तेल-ग्रीसचे डाग थिनरनें पुसावे. खळग्यांतून जो थोडा गंज निघतच नाहीं, त्यावर गंज पालटणारें द्रावण लावावें.

या द्रावणांचे दोन प्रकार आहेत. एकांत फॉस्फोरिक आम्ल असतें, दुसऱ्यांत टॅनिक आम्ल. दुसऱ्याचें तत्त्व हिरडस मावळांतल्या शेतकऱ्यास नवें नाहीं. हिरडा लोखंडी सुरीनें कापला कीं सुरी काळी पडते, आणि हिरडा व हिराकस यांपासून पूर्वीं काळी शाई करीत. हिरड्यांतील टॅनिन लोखंडाशीं मिळून काळा, न विरघळणारा पदार्थ होतो. द्रावणही गंजावर हेंच करतें. मात्र घरीं हिरड्याचा काढा करून तो चेसीस फांसणें पुरेसें होईल असें कोणीं समजूं नये. बाजारचें द्रावण प्रमाणांत केलेलें असतें आणि त्यावर रंगाचा थर लागतोच.

द्रावण वाळल्यावर रेड ऑक्साइड किंवा जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर, आणि त्यावर रंगाचे दोन हात द्यावे. पूर्वीं लोखंडास शेंदूर व जवसाचें तेल लावीत. त्याचा टिकाऊपणा खरा, परंतु शेंदुरांत शिसें असतें व तें मुलांमाणसांस विषारी आहे. तो मार्ग सोडावा. बंद पेटीच्या दांड्यांत भोकांतून मेणयुक्त तेल फवारावें, कारण तेथें ब्रश पोंचत नाहीं. डांबरी किंवा रबरी लेप द्यावयाचा तो सर्वांत शेवटीं, कोरड्या व रंगविलेल्या पृष्ठभागावर. गंजावर दिलेला लेप ओल आंत कोंडतो व कुजणें झांकतो. सायलेन्सर, ब्रेक, फिरते सांधे व पाणी निघावयाचीं भोकें यांवर लेप लागूं देऊं नये.

वेल्डिंग करावयाचें असल्यास बॅटरी सोडवून ठेवावी, इंधनाची टाकी व नळ्या दूर कराव्या, आणि पाण्याची बादली व वाळू जवळ असावी. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग करतांना निघणारा पांढरा धूर छातीस बाधतो. तें काम उघड्या हवेंत करावें.

आपल्याकडे आणखी एक चाल आहे. इंजिनांतून काढलेलें जळकें तेल गाडीच्या पोटास फांसतात. त्यानें गंज थोडा मंदावतो हें खरें. परंतु तें तेल रबरी बुश व ब्रेकच्या रबरी नळ्या फुगवितें, कातडीस घातक असतें, आणि पहिल्या पावसांत धुऊन खाचरांत व विहिरींत उतरतें. गाडी राखावयाची व पाणी नासावयाचें, हा हिशोब शेतकऱ्यास परवडणारा नाहीं.

वर्षाची निगा

एकदां उपाय केला म्हणजे झालें असें नाहीं. परंतु पुढची निगा फार थोडी आहे. भाताची लावणी आटोपतांच एकदां व पाऊस संपतांच एकदां, असें वर्षांतून दोनदां पोट नीट धुवावें. खत आणतांना खालीं ताडपत्री पसरावी व त्याच संध्याकाळीं फरशी झाडून धुवावी. कोंकणांत समुद्रकांठीं जाऊन आल्यावर गोड्या पाण्यानें धुतल्यावांचून गाडी उभी करूं नये. पावसाळ्यांत चटई काढून ठेवावी. गाडी गोठ्याशीं, पेंढ्यावर किंवा ओल्या मातीवर उभी न करतां दगडी किंवा सिमेंटच्या ओट्यावर ठेवावी. ताडपत्रीनें गच्च न झांकतां वर छप्पर व बाजूंनीं वारा, अशी सोय करावी. दर वर्षीं दसऱ्यास आपण अवजारांची पूजा करतों, गाडीसही झेंडूची माळ घालतों. त्याच दिवशीं माळ घालण्यापूर्वीं हातोडी घेऊन तिच्या पोटाखालीं एकदां जावें. आम्हीं ही रीत ठेविली आहे.

आमची ती जीप आतां नाहीं. तिच्या जागीं घेतलेली दुसरी जुनी गाडी वरून ओरखड्यांनीं भरलेली व रंगानें विटकी आहे. पाहुणे तिला हंसतात. पण घेण्यापूर्वीं आम्हीं तासभर तिच्याखालीं उताणे पडून होतों, आणि तिचा दांडा ठोकल्यावर खणखणतो. आजही वरंध घाटानें घरचीं माणसें घेऊन जातांना आम्हांस त्या आवाजाचा भरंवसा वाटतो. आमच्या शेतकरी बंधूंनीं विसार देण्यापूर्वीं तो आवाज ऐकावा, एवढीच विनंति.